नुसता फ्लॅश

धोंडिबा कुंभारांची आणि माझी भिंत एक. कल्याण पूर्वेला, तिसरा मजला. मी स्वप्ना परब. तोंडाने फटकळ आहे, हे बिल्डिंगमधलं कुणीही सांगेल. त्यांची बायको रंगूकाकू गेल्या तेव्हापासून मी रोज दुपारी त्यांच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन जायचे. सुतकातलं घर, मागे उरलेले दोन पुरुष, काका आणि त्यांचा मुलगा मयूर. त्यांना कोण करून घालणार?

काकांचा ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोर फोटो स्टुडिओ होता. एरवी पासपोर्टचे फोटो, सीझनला लग्नं. शीळफाट्याकडच्या हळदीला अख्खं गाव लोटायचं आणि प्रत्येकाला नवरीशेजारी उभं राहून फोटो हवा असायचा. तेवढे रोल आणायचे कुठून? मग काका कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि फोटो न काढता फक्त फ्लॅशचं बटण दाबायचे. नुसता फ्लॅश. लख्ख उजेड पडला की माणूस खूश होऊन जेवायला पळायचा. नंतर फोटो मागायला आला तर सांगायचं, तेवढाच नेमका बिघडला बघा. सगळेच फोटोग्राफर असं करायचे, असं काका म्हणायचे. मी तोंडावर सांगितलेलं, ही शुद्ध फसवणूक आहे. तर काकूच पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

रोल जपायची ती खोड काकांची कधी गेली नाही. छत्तीसच्या रोलमध्ये अडतीस फोटो बसवले, हे ते एखाद्या मेडलसारखं सांगायचे. त्याची रीत मला पाठ झालेली. रोलचं बाहेर आलेलं टोक, त्याला ते जीभ म्हणायचे. ती उजवीकडच्या चाकाच्या खाचेत नखाएवढीच घालायची, म्हणजे फिल्म वाया जात नाही. झाकण लावायचं, रोल पुढे सरकवायचा खटका ओढायचा आणि डावीकडची चकती फिरते का बघायचं. फिरली तर रोल पुढे सरकतोय. नाही फिरली तर जीभ खाचेतून सुटली, उघडून परत भरा.

एवढ्या लोकांचे फोटो काढले, पण बायकोचा एक धड फोटो घरात नव्हता. लग्नातला होता तो सव्वीस जुलैच्या पुरात गेला, तेव्हा ते तळमजल्यावर राहायचे. नंतर काढू-काढू करत राहिलं. मला याचा आजही राग येतो. आणि मग काकूंच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं.

एके दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "स्वप्ना, मला ती हिरवी इरकल नेसव. फोटो काढायचाय." मयूरने लगेच मोबाईल काढला. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"त्यात मी हास्पिटलातली हाय. नळ्या लावल्याली." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "अवं, तुमच्या त्या डब्यातनं काढा. आन् तेराव्याला ते आधार कार्डावरलं थोबाड लावू नका, सांगून ठेवते. चोर धरून आणल्यावानी दिसते मी त्यात."

काकांनी कपाटातून तो जुना जपानी कॅमेरा काढला. काकांच्या वाढदिवसाला मयूरने हौसेने आणलेला रोल तसाच पडून होता, तो भरला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. या कॅमेऱ्याच्या खिडकीत माणूस आधी दोनदा दिसतो, रिंग फिरवून दोघं एकावर एक आणले की फोटो साफ येतो. काका म्हणाले, "थांब रंगू, अजून दोन दिसतायत."

"एकीलाच सांभाळताना दमलात, दोन काय करताय?"

मयूर हसला. मी निऱ्या सारख्या करत होते. काकांनी खटका ओढला, बटण दाबलं, फ्लॅश पडला. दोन-तीन फोटो झाल्यावर काकूंनी डोळे बारीक केले. "खरं सांगा, नुसता फ्लॅश न्हाय ना मारत?"

"तुझ्या गळ्याशपथ, रोल आहे आत," काका म्हणाले.

मग डोक्यावर पदर घेऊन, पदर काढून, मयूरबरोबर, माझ्याबरोबर. एका फोटोत तर त्या फार छान हसल्या. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी खटका ओढला जात होता. "अडतीस! अजून हात गेला नाही माझा," काका म्हणाले. काकूंना खुर्चीतच झोप लागली होती. पुढच्याच पंधरवड्यात त्या गेल्या.

सुतकातल्या एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर काका खिडकीत कॅमेरा घेऊन बसलेले. रोल गुंडाळून मयूरकडे द्यायचा, तो ठाण्याला धुवायला टाकणार, असं ठरलेलं. टीव्हीवर नवी फ्रेम आणून ठेवली होती, रिकामी. मी ताट वाढलं.

काकांनी गुंडाळायच्या आधी सवयीने खटका ओढून बघितला. रोल संपलेला असला तर खटका अडायला हवा. तो लोण्यासारखा सरकला. काकांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, बटण दाबून पुन्हा ओढला. डावीकडची चकती जागची हलली नाही. मीही बघत होते. त्यांनी अंगठा चकतीवर ठेवला, पुन्हा बटण, पुन्हा खटका. मग त्यांनी भर उन्हात झाकणाला हात घातला.

"काका, उजेड लागेल," मी म्हटलं.

"लागू दे. त्यात खराब व्हायला काही नाही."

झाकण उघडलं. फिल्मची जीभ खाचेच्या बाहेर, वर वळून पडलेली. बाकी सगळा रोल डबीतच होता, दुकानातून आणलेला तसाच. नखाएवढं टोक घातलं होतं, ते पहिल्याच ओढीला सुटलं असणार. आणि फोटो काढताना चकतीकडे बघायचं त्यांना सुचलं नाही, ते काकूंकडेच बघत होते. माझं हे एवढं तोंड, त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

झाकण तसंच उघडं ठेवून ते म्हणाले, "तिला नुसता फ्लॅशच दिला गं मी." आणि मग हळू आवाजात, "पण शपथ खोटी नव्हती. रोल होता आत."

ताट तसंच राहिलं. रात्री मयूरला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही.

तेराव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्या फ्रेममध्ये घातला. हार मीच घातला, आणि घालताना काकूंची मनातल्या मनात माफी मागितली. गावाकडची माणसं येऊन नमस्कार करून जात होती. एक म्हातारी फोटोपुढे जरा थांबली आणि काकांना म्हणाली, "तुम्हीच काढलाय जणू?"

काका म्हणाले, "हो."