सांबप्पानं काढून ठेवलेला पट्टा

सांबप्पा गिरणीवाला भांडणाला लांबूनच हात जोडणारा माणूस. पालमजवळच्या त्या गावात डिझेलवरची गिरणी त्याची एकट्याचीच. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात नामांतरावरून मराठवाडा पेटला आणि गावानं बौद्धवाड्यावर बहिष्कार टाकला. आबासाहेब पाटील गिरणीत येऊन म्हणाले, "सांबप्पा, त्यांचं दळण घ्यायचं न्हाई."

सांबप्पा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पाटलांची पाठ वळताच त्यानं इंजिनाचा पट्टा काढून कणगीमागं सारला आणि येईल त्याला सांगू लागला, "पट्टा तुटला. नवा यायला टाईम हाय." आपण कुणालाच नकार दिला नाही, याचं त्याला बरं वाटत होतं.

बैलगाडीवाल्यांची दळणं पालमला गेली. बौद्धवाड्यातल्या बायांना सडकेनं जायची भीती होती. चौथ्या दिवशी केशरबाई नावाची म्हातारी डोक्यावर ज्वारी घेऊन रानातून पालमकडं निघाली, आणि ओढ्यातल्या दगडांवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. दुपारपर्यंत तशीच चिखलात पडून होती.

"पाय घसरला, त्याला कोण काय करनार?" सांबप्पा घरी म्हणाला.

त्याची बायको सिद्धम्मा भाकरी थापत होती. "आवो, पट्टा कणगीमागं हाय. झाडताना बघितला म्या."

"मी कुनाचं काय वाईट केलं?"

"गिरणी चालू असती तर ती वढ्याकडं कशाला गेली असती?"

ताट तसंच ठेवून सांबप्पा उठला आणि बौद्धवाड्यात गेला. केशरबाई बाजेवर पडली होती, पायाला कामट्या बांधलेल्या. तो दारातूनच म्हणाला, "केशरबाई, पट्टा तुटला नव्हता."

"ठावं हाय. चार दिसांत पट्टा आनायला तुमी एकडाव बी पालमला गेला न्हाईत."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कुनाला बोलू, आप्पा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पट्टा चढवला आणि पहिलं दळण केशरबाईचं काढलं. इंजिनाचा आवाज ऐकून आबासाहेब आले. "तू आमच्या शब्दात व्हतास."

"न्हवतो, मालक. पर गप बसलो, ही चूक माझी. आता सगळ्यांचं दळायलोय."

पाटलांच्या भावकीनं वर्षभर त्याच्याकडं दळण टाकलं नाही. केशरबाई पुढं काठीवरच चालली. तिचं पीठ सांबप्पा स्वतः पोचवायचा. ती डबा घ्यायची, बोलायची नाही.

तिसऱ्या वर्षी एकदा म्हणाली, "बसा आप्पा, च्या टाकते."

सांबप्पा बसला.