अर्ध्या दिवसाची ज्येष्ठता

लिहायला बसलो आहे खरा, पण मनात धाकधूक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. वडील तर अजून अंगठाच उठवतात. मीही आजवर जे लिहिलं ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू होणारं आणि 'सविनय सादर' म्हणून संपणारं. अशा माणसानं स्वतःबद्दल लिहावं हा आगाऊपणाच आहे, तो वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. कॉलेजातले मराठीचे सर म्हणाले, "नोकरी करून शिकलात, त्याबद्दल लिहा. पण खरं लिहा." खरं लिहायचं तर मला मत्सराबद्दल लिहावं लागेल. त्या वर्षांत उठता-बसता माझ्याबरोबर तोच होता.

साठ सालानंतरची सात-आठ वर्षं सरली होती. सरकारी कारभार मराठीत येऊ लागला होता, तरी साहेब शेरे इंग्रजीतच मारायचे. मॅट्रिकच्या मार्कांवर मला कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. हजर होण्याच्या हुकमात एकच दिवस दिला होता, आणि त्या दिवशी अमावस्या होती.

आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. भाताचं आणि उसाचं. अवसेला आमच्याकडे औत धरत नाहीत. वडील म्हणाले, "अवसेला बैलाच्या मानंवर बी जू ठेवत न्हाईत, आन् तू जल्माची नोकरी जुपून घ्यायला निघालास?" गावच्या गुरवानं पंचांग बघून सांगितलं, अवस दुपारी संपते. तेव्हा ठरलं, कोल्हापूरला सकाळीच जायचं, पण कचेरीत पाऊल दुपारनंतर टाकायचं.

आम्ही बापलेक कचेरीच्या पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात माझ्याच वयाचा एकजण सायकल टेकवून आला. हातात माझ्यासारखाच हुकूम. कबनूरचा होता. वडील पूर्वी हातमागावर विणायचे, आता दुसऱ्याच्या यंत्रमागावर होते.

"का वं पावणं, आत न्हाई यायचं?" त्यानं विचारलं.

"अवस हाय," मी हळू आवाजात म्हणालो. "दुपारी संपतीया. मग येतो."

तो मोठ्यानं हसला. "अवस सरकारला लागू हाय व्हय? आमच्यात चांद दिसला न्हाई तर ईद उद्यावर जाती. नोकरी न्हाई जात."

"तू जा बाबा," वडील म्हणाले. "ज्याचं त्येला."

तो दोन-दोन पायऱ्या चढत आत गेला. आम्ही झाडाखाली भाकरी खाल्ली. अवस संपल्यावर मी आत गेलो, तेव्हा तो टेबलाशी बसून कुणाला तरी हसवत होता.

हजर झाल्याचा अर्ज हेडक्लार्कनी घेतला. सरकारी नोकरीत माणूस हजर झाल्याची वेळ दोनच तऱ्हांनी लिहितात. त्याच्या अर्जावर त्यांनी 'मध्यान्हपूर्व' लिहिलं होतं, माझ्या अर्जावर 'मध्यान्होत्तर' लिहिलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मुहूर्त साधला म्हणून बरंच वाटलं.

हेडक्लार्क जुन्या संस्थानच्या काळातले होते. माणसांना गावाच्या नावानं हाक मारायचे. मी 'राधानगरी' आणि तो 'कबनूर'. त्यांचा एकच कायदा होता: "पयला आला त्यो पयला." त्यामुळे खिडकीजवळचं टेबल त्याला आणि दाराजवळचं, जिथं येणारा-जाणारा पत्ता विचारतो, ते मला. रजेचे अर्ज आधी त्याचे निघायचे. भातकापणीला मला गावी जायचं असे तेव्हाच नेमकं त्याच्या कुणाचं तरी लग्न निघे. तो कायम झाला. माझी पाळी पुढच्या वर्षी आली, कारण तोवर दुसरी जागा मोकळी नव्हती.

हे सगळं अर्ध्या दिवसानं. मला वाटतं, पाच वर्षांनी मोठा असता तर मी त्याच्यावर जळलो नसतो. मोठ्या माणसाला आपण मोठं म्हणून सोडून देतो. पण जो माझ्या देखत ती पायरी चढून गेला होता, त्याच्या मागं आयुष्यभर उभं राहायचं हे सोसत नव्हतं.

आणि तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो कामाला चोख होता, अक्षर गोल होतं, आणि बोलायला लागला की साहेबही दार उघडं ठेवून ऐकायचे. ईदला घरून मोठा डबाभर शिरखुर्मा आणायचा, तो संपेपर्यंत कचेरीत काम होत नसे. मी संक्रांतीला तिळगूळ आणला तर लोक "वा वा" म्हणून एक खडा तोंडात टाकायचे आणि फाइलीत डोकं घालायचे. असल्या गोष्टी मी लक्षात ठेवायचो.

सगळ्यात जास्त कशानं लागलं ते सांगतो. एकदा त्याचे वडील कचेरीत आले. डोक्यावर गोल टोपी, कपड्यांवर कापसाची पूड. थेट हेडक्लार्कांच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि सुताचे भाव, मागाचा आवाज, असं काहीबाही मोठ्यानं सांगत राहिले. हेडक्लार्कनी चहा मागवला. माझे वडील दर बाजाराला कोल्हापुरात यायचे, पण पायरीच्या वर येत नसत. शिपायाकडून निरोप पाठवायचे. मी किती वेळा म्हणालो, "आत चला की." ते म्हणायचे, "नगं. तुझं सायब बसल्यात." त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला तो टेबलाचा नव्हे, बापाचा. वडिलांबद्दल असं मनात येणं बरं नव्हे, पण आलं.

मग मी ठरवलं की त्याच्याजवळ नाही असं काहीतरी आपण मिळवायचं. सकाळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायचं. नोकरीत असताना शिकायला कचेरीची परवानगी लागते. ती मिळायला बरेच महिने गेले. 'कार्यालयीन कामास बाधा न येता' आणि कोल्हापुरातच नेमणूक असेपर्यंत, अशा अटींवर मिळाली. मंगळवार पेठेत एका खोलीत राहत होतो. तिथून पहाटे निघून कॉलेज, कॉलेजवरून थेट कचेरी. वर्गात माझ्यापेक्षा लहान मुलं सरांना बेधडक प्रश्न विचारायची. मी शेवटच्या बाकावर वही उघडून बसायचो.

मला वाटलं होतं, कबनूरला हे थोडं तरी झोंबेल. तो म्हणाला, "बेस केलंस. मला तर पुस्तक उघडलं की डोळं मिटत्यात." त्याला खरोखरच नको होतं. ज्याला नको आहे त्याच्यापुढं मिळवून तरी काय करायचं?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, हेडक्लार्क चहा पिता पिता म्हणाले, "आपल्याकडची एक जागा चंदगडला चालली. सगळ्यात कनिष्ठ असंल त्येनं जायचं. राधानगरी, घोंगडं घेऊन ठेव. तिथला पाऊस तुमच्या पावसाला लाजवतोय."

सगळे हसले. मी कपबशी खाली ठेवली. चंदगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथं कॉलेज नाही. परवानगी आपोआप रद्द. हजेरी भरली नाही की परीक्षेला बसता येणार नाही. घरातला पहिला पदवीधर व्हायला चार-पाच महिने राहिले होते, आणि अमावस्येनं मला खाली ओढलं होतं.

आमच्या संघटनेचे एक चिटणीस होते. दुपारच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्यांच्याभोवती कोंडाळं असायचं. कुणाची वेतनवाढ अडलेली, कुणाला कायम व्हायचं असायचं.

"रजेच्या मधी रविवार आला तर त्योबी रजेत धरत्यात व्हय?"

"धरत्यात. रविवारी तू काय काम करतोस म्हणून?"

"आमची मंडळी कागलला मास्तरीण, आन् मला टाकलंय गगनबावड्याला. संसार करायचा कवा, चिटणीस?"

"उन्हाळी सुट्टीत कर. पुढं कोण?"

पुढं मी होतो. चाचरत बदलीचं आणि हजर झाल्याच्या वेळेचं सांगितलं, अवसेचं तेवढं गाळलं. त्यांनी भजं तोंडात टाकलं, चावून संपवलं आणि म्हणाले, "तारीख एकच न्हवं दोघांची? मग सकाळ-दुपार कुठनं काढली? तारीख एक असली की वय बघायचं. थोरला कोण?"

"मी. काही महिन्यांनी."

"मग तू शिनियर. इतकी वर्सं काय अवस संपायची वाट बघत होतास?"

त्यांना अवसेची गोष्टही माहीत होती, म्हणजे ती कबनूरनंच कधीतरी हसत हसत सांगितली असणार. मला राग यायला हवा होता. पण मी इतका हरखलो होतो की चहाचे पैसे द्यायचे विसरून बाहेर आलो. कॉलेज वाचणार हा आनंद होताच, पण त्याच्याहून मोठा आनंद तो माझ्या खाली येणार याचा होता.

अर्ज लिहिला. तो पाठीमागून द्यायला मन धजेना, म्हणून जिन्यात त्याला गाठून दाखवला. त्यानं उभ्या उभ्या वाचला.

"ह्यो दिलास तर मी जाणार चंदगडला?"

"व्हय."

"आन् न्हाई दिलास तर तू."

"व्हय."

"मग दे की. कुणीतरी जायचंच हाय. मी तुझ्या जागी असतो तर कवाच दिला असता." मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "पर हितं 'अन्याय' कशाला लिवलंस? मी काय अन्याय हाय व्हय रं?"

मी तो शब्द खोडला. जिना उतरता उतरता तो एवढंच म्हणाला, "आईला सांगाया लागंल." त्याच्या आईला दमा होता. दर शनिवारी तो कबनूरला जायचा, ते चंदगडहून जमण्यासारखं नव्हतं. तो माझ्याशी भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यानं तेवढंही दिलं नाही.

अर्ज वर गेला, खाली आला, त्यावर अभिप्राय मागवले गेले, पुन्हा वर गेला. मी सकाळी वर्गात बसून टपालाचाच विचार करायचो. परीक्षा तोंडावर आली तेव्हा हुकूम आला: माझं वय जास्त, सबब मी ज्येष्ठ. त्यानं चंदगडला हजर व्हावं.

एस.टी. स्टँडवर त्याला पोचवायला सगळी कचेरी आली. हेडक्लार्कनी हार आणला होता. शिपाई त्याची वळकटी टपावर चढवत होते. मी मागं उभा राहून बघत होतो आणि मनात येत होतं, हीच गाडी माझी असती तर यातले किती आले असते? गाडी सुरू झाली तसं त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "राधानगरी, आज अवस न्हाई न्हवं? बघितलंस न्हवं नीट?" सगळे खदखदून हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. दुपारी तिथं ऊन थेट तोंडावर येतं हे मला माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं त्याबद्दल बोलला नव्हता. रजेचे अर्ज आता माझे आधी निघू लागले, पण मागं उभं राहून वाट बघणारा तो नव्हता, त्यामुळे पहिला असूनही पहिल्यासारखं वाटत नव्हतं.

परीक्षा झाली. पावसाळ्यात निकाल लागला आणि मी दुसऱ्या वर्गात पास झालो. वडिलांनी गावात साखर वाटली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत गेलो आणि टेबलाटेबलावर फिरलो. हेडक्लार्क म्हणाले, "आता काय बाबा, बी.ए. झालास. आमच्या डोक्यावर बसणार." मला ते ऐकायला फार गोड लागलं. वाटलं, आता झालं. आता कुणाकडे बघायला नको.

तेवढ्यात चंदगडचा शिपाई टपाल घेऊन आला. पार भिजला होता. मी त्याच्यापुढं पुडा धरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमचा कबनूर काय म्हणतोय?"

"भाऊसाहेब व्हय? मजेत हाईत की." त्यानं हात पुसून पेढा घेतला. "आईला बी आणलंय तिथं. कापसाची पूड न्हाई बघा तिकडं, म्हातारीचा दमा निम्म्यानं कमी झाला म्हणत्यात."

"बरं झालं," मी म्हणालो. खरंच बरं वाटलं, असं मला तरी वाटतं.

"आन् अव्वल कारकुनाची जागा रिकामी पडलीती आमच्याकडं. त्या पावसात यायला कोण तयार हुईना. मग सायबांनी वर लिवलं, आन् परवाच्याला हुकूम आला. भाऊसाहेबांस्नीच बढती दिली."

कचेरीत एकदम गलका झाला. हेडक्लार्क खुर्चीतून उठले. "कबनूर अव्वल कारकून? अरं, मग पेढं त्येचं बी पायजेत!"

मी पुडा हातात धरून तसाच उभा होतो. शिपायानं त्यातला दुसरा पेढा उचलला.

"पुढच्या बदलीला हितंच येणार म्हणत्यात," तो म्हणाला. "म्हंजे तुमचं समदं टपाल आता त्येंच्या सहीनं जाणार."