पीएच.डी.मधलं टिंब

पाटी रंगवायला घेण्याआधी शांतारामभाऊ पेंटर गिऱ्हाइकाकडे पदवीचं प्रमाणपत्र मागायचे. महाडात चवदार तळ्याजवळच्या त्यांच्या दुकानात आलेले नवे डॉक्टर, वकील चपापत. "तुमच्यावर विश्वास हाय हो," भाऊ म्हणत, "पण पदवी म्हंजे माणसाची वर्षं. तिथं आपली चूक चालायची नाय."

स्वतः ते नाते गावचे, चौथी शिकलेले. उमेदवारीत एकदा त्यांनी 'बी.एस्सी.'चं 'बी.एस.सी.' केलं आणि पाटी परत आली. तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठून त्यांनी एकेक पदवी वहीत उतरवून घेतली, पूर्ण नावासकट.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत शिकवत होतो. कुडपणची आमची माजी विद्यार्थिनी सुमन रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली. सत्काराच्या फलकाचं काम मी भाऊंना दिलं. मुख्याध्यापकांनी कागदावर लिहून दिलं होतं 'पी.एच.डी.'; सत्काराच्या सकाळी भाऊंनी स्वतः येऊन फलक लावला, त्यावर होतं 'पीएच.डी.'.

"एक टिंब खाल्लंत तुम्ही," मुख्याध्यापक म्हणाले.

"तिथं टिंब नाय, सर. फिलॉसॉफीतले पी आन् एच मिळून 'फ' होतो. ते तोडायचे नायत."

"चौथी शिकलेल्यानं मला शिकवू नये. टिंब घाला."

भाऊंचा चेहरा उतरला. आवाज मात्र चढला नाही. "मग फलक उतरवा. चुकीचं माझ्या हातनं लिवलं जायचं नाय." त्यांनी ब्रश पिशवीत टाकले.

मी मध्ये पडणार, एवढ्यात सुमन आईबरोबर जीपमधून उतरली. या वादाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. फलकासमोर ती थबकली.

"हे कोणी लिहिलं, सर? माझी पदवी इतक्या ठिकाणी छापून आली, बरोबर लिहिलेली आजच बघतेय."

मुख्याध्यापकांनीच भाऊंकडे बोट दाखवलं. माणूस मोठ्या मनाचा. भर सभेत त्यांनी सगळी हकिगत स्वतःच सांगितली, भाऊंची माफी मागितली आणि त्यांना व्यासपीठावर बोलावलं. रंगाचे डाग पडलेल्या सदऱ्यात भाऊ सुमनशेजारी बसले, तेव्हा टाळ्या थांबेनात.

सभा संपल्यावर मुलांनी त्यांना गराडा घातला. कोणाला डॉक्टर व्हायचं होतं, कोणाला वकील. आपापली पदवी कशी लिहायची, ते प्रत्येकाला हवं होतं. पायरीवर बसून भाऊ सांगत होते, मुलं लिहीत होती आणि सगळ्यांच्या मागे मुख्याध्यापकही कागद-पेन घेऊन उभे होते. एक लहानगी नुसतीच बघत होती.

"तू पण लिव गो," भाऊ तिला म्हणाले. "तुला लागंल."