चिमणी तेवढी राहणार

बंद सूतगिरणी पाडण्याआधी एकदा आतून बघावी, म्हणून मी इंदूमावशीला घेऊन गेले. मावशी जन्मभर गिरणीमागच्या चाळीत राहिली. आत कबुतरांच्या शिटेचा थर, कुजलेल्या कापसाचा उबट वास, तेलाने चिकट झालेल्या भिंती. त्याची किळस आली नाही. बंद जागेला असा वास यायचाच. किळस आली ती बिल्डरच्या माणसाने आमच्यापुढे फवारलेल्या गुलाबाच्या सुगंधाची.

"बाकी सगळं जाणार," तो म्हणाला, "चिमणी मात्र ठेवणार. हेरिटेज आहे ना! रात्री तिच्यावर रंगीत दिवे सोडू."

मावशीने सवयीने मान वर केली. पूर्वी चिमणीकडे बघूनच ती धुणं वाळत घालायची. धूर चाळीकडे वळला की ओले कपडे पुन्हा घरात. कपडे आत घेता येत होते. नवऱ्याची छाती मात्र त्याच काजळीने भरली आणि तो गेला. ज्या शेडमध्ये माणसं डबे उघडून हसली-भांडली, ती पाडायची आणि या चिमणीला नटवायची! आठवण म्हणून आपण जपतो तरी काय? लांबून जे देखणं दिसतं, तेच. ज्यांना कधी खोकला झाला नाही, त्यांनाच चिमणी सुंदर वाटते.

"मावशी, चिमणीपाशी उभ्या राहा ना," त्याने मोबाइल काढला. "जाहिरातीला जुनी माणसं छान दिसतात."

मावशी चिमणीच्या पायथ्याशी गेली. तोंडातल्या तंबाखूची पिचकारी तिने विटांवर मारली, पदराने ओठ पुसले आणि वळून म्हणाली,

"हं, काढ आता."