म्हशीपुढे प्रवचन

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. मी प्रवचनं सुरू केली. धडगावला सव्वीस वर्षं मास्तरकी करून रनाळ्याला घरी परतलो आणि महिन्याभरातच मारुतीच्या ओट्यावर, सकाळच्या आरतीनंतर, रोज दहा मिनिटं बोलायला लागलो. विषय एकच. सगळ्या जिवांत एकच चैतन्य आहे. मुंगीत आहे तेच हत्तीत आणि हत्तीत आहे तेच आपल्यात. श्रोते सात असायचे. त्यातले दोन कुत्रे होते, पण शेवटपर्यंत बसून राहणारे तेच, त्यामुळे माझा मुद्दा रोजच्या रोज सिद्ध व्हायचा.

या सगळ्या जिवांमध्ये आमच्या घरची म्हैस मात्र मी धरली नव्हती. तिची मला भीती वाटायची. सुट्टीला घरी आलो की ती माझ्याकडे असं बघायची, जणू मी तिच्या गोठ्यात शाळा तपासायला आलोय. ती आईची होती. तिचं पारडू आठ दिवसांतच गेलं होतं आणि तेव्हापासून ती फक्त आईच्या हातालाच पान्हा सोडायची. आई आधी पाव तास तिच्याशी बोलायची. बोलायची म्हणजे शिव्या द्यायची. मग तिच्या पोटाला कपाळ टेकून धार काढायची. मी दारातून म्हणायचो, "माय, जनावराला असं बोलू नये, तिच्यातही तोच आत्मा आहे." आई म्हणायची, "मंग त्या आत्माले सांग, शेपूट हालाडू नको."

आणि एके दिवशी आई त्याच गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नंदुरबारच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली, बायको आईजवळ राहिली आणि घरी उरलो आम्ही दोघं : सर्वांभूती समभाव शिकवणारा मी, आणि म्हैस.

पहिल्या संध्याकाळी मी बादली घेऊन बसलो. तिनं मला हुंगलं, बादलीला लाथ मारली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चाऱ्याला तोंड लावलं नाही. दादर ज्वारीचा कडबा टाकला, सरकीची ढेप भिजवून घमेलं पुढे केलं, सगळं तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. जनावरांचे डॉक्टर आले, कास दाबून पाहिली आणि म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत दूध निघालं नाही तर सड जातील. मग ही कायमची आटली समजा."

तेवढ्यात आईचा फोन आला.

"म्हैस चारा खास का?"

"खास, माय. पोटभर."

"दूध देस का?"

"देस ना."

"माले धार ऐकाड."

आता काय करायचं? मी बादली नळाखाली धरली, नळ बारीक सोडला आणि फोन बादलीजवळ नेला.

"भाऊ," आई म्हणाली, "हाऊ नळ शे."

मग बायकोनं फोन घेतला आणि खालच्या आवाजात सांगितलं की, सासूबाईंनी कालपासून ताटाला हात लावलेला नाही. म्हशीनं खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही म्हणतात. डॉक्टर रागावलेत, अशा उपाशी अंगावर शस्त्रक्रिया कशी करणार? मी दोघींवरही चिडलो. एक इथे रुसलेली, एक तिथे. एकीला समजवावं तर दुसरी ऐकत नाही, आणि दोघींच्या मध्ये मी, हातात रिकामी बादली. खरं सांगतो, त्या क्षणी एकत्वाचा मला फार राग आला होता.

तरी एक युक्ती सुचली. फोनचा स्पीकर लावला आणि आईला म्हटलं, तूच बोल तिच्याशी. आईनं सुरुवात केली, "काय वं मुर्दाड, खाई का नही ऱ्हायनी?" म्हशीचे कान ताठ झाले. ती वळली, मान लांब करून आवाज शोधायला लागली. मी आनंदानं फोन पुढे केला. तिनं तो चाटला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा फोन हातातून सटकला तो थेट ढेपेच्या घमेल्यात. आईचा आवाज थोडा वेळ बुडबुड्यांतून आला, मग बंद झाला.

शेजारचे आबा कुंपणापलीकडून सगळं बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, म्हैसले ग्यान नको शे. तिले तुन्ही माय जोयजे. मायनं लुगडं नेस आन बठ."

मी नाही म्हटलं. मग कासेकडे पाहिलं आणि हो म्हटलं. पेटीतलं आईचं घडीचं लुगडं काढलं आणि आबांनी सांगितलं तसं कसंबसं गुंडाळलं. डोक्यावरून पदर घेतला. म्हशीनं मला हुंगलं आणि एवढ्या जोरात शिंकली की माझा पदर उडाला. पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या.

"धुयेल नको," आबा म्हणाले. "अंगवरनं जोयजे."

अंगावरचं लुगडं दवाखान्यात होतं, पडली तेव्हाचं, शेणाचे डाग असलेलं. दुपारच्या बसनं नंदुरबार गाठलं. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अगदी म्हशीसारखी, असं मी म्हटलं असतं तर मार खाल्ला असता. मी सगळं खरं सांगितलं. ती ऐकत राहिली. लुगड्याचं ऐकून तिला हसू आलं, हसताना कंबर दुखली, मग ती माझ्यावरच चिडली. बायकोनं पिशवीतलं लुगडं दिलं. आईनं उशाखालची मिसरीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हाई बी लाव. मन्हा तोंडले तोच वास ऱ्हास."

जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता. संध्याकाळी गोठ्यात उभा राहून भाजक्या तंबाखूची ती काळी पूड दाताला घासली, शेणाचं लुगडं नेसलो आणि बसलो. कुंपणाशी आता आबा एकटे नव्हते. म्हशीनं हुंगलं. लाथ मारली नाही. पण पान्हाही सोडेना. मी कास चोळत राहिलो, आणि दोन मिनिटांत मिसरी चढली. गोठा फिरायला लागला. पडू नये म्हणून मी समोर होतं त्याला डोकं टेकलं. समोर म्हशीचं पोट होतं.

आत केवढा संसार चाललेला होता! गुडगुड, मग लांब श्वास, मग खोल कुठेतरी संथ ठोके. लहानपणी तापात आईच्या मांडीवर झोपलो की, असंच ऐकू यायचं. मी किती दिवस ओट्यावरून बोलत होतो आणि एकाही जिवाला कधी कान लावून ऐकलं नव्हतं. मला तिची दया आली, माझीही आली, डोळ्यांत पाणी आलं. अर्थात त्यात मिसरीचाही वाटा असेल. तेवढ्यात हाताला सड गरम लागले आणि धार बादलीत वाजली. कुंपणापलीकडून टाळ्या पडल्या.

आबांनी त्यांच्या फोनवरून आईला धार ऐकवली. ती पुरता वेळ घेऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "हां. ही धार शे." त्या संध्याकाळी ती जेवली. म्हशीनंही घमेलं चाटून पुसून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चाळीस माणसं होती. मी तोंड उघडण्याआधीच मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुम्ही आन म्हैस एक व्हई गयात का?" कुत्र्यांना बसायला जागा उरली नव्हती.

पुढे तीन आठवडे मी दोन्ही वेळा लुगडं नेसून धार काढली. धुवायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. मग शस्त्रक्रिया होऊन आई घरी आली, वॉकर धरून, अंगात दवाखान्यातला गाऊन. चहालाही थांबली नाही, थेट गोठ्याकडे निघाली. मी लुगड्यातच होतो, नुकताच बसलो होतो. आईनं हात पुढे केला. म्हशीनं तो हुंगला, फुर्र केलं आणि दोन पावलं मागे सरून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. आईच्या अंगाला फिनेलचा आणि औषधांचा वास होता.

आईचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा एवढासा झाला. "माले वळखं नही तिनी," ती हळूच म्हणाली. मी लुगडं सोडायला लागलो, तर आत शर्ट होता पण पॅंट नव्हती, म्हणून पुन्हा खोचलं. आई दारातल्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणाली, ठीक शे, आता माझं इथे काय काम? घरातल्या खाटेवर पडून राहीन. तिच्या तोंडून असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

मग तिला राग आला. देवाची कृपा. "मुर्दाड!" ती ओरडली. "मी तठे पडेल व्हतू, तरी जीवले तुन्हाच घोर व्हता! आन तू माले तोंड फिरावस? त्या मास्तरकडे जास? त्याले लुगडंबी नेसता येत नही!"

म्हशीचे कान ताठ झाले. तिनं मान वळवली आणि खुर्चीकडे बघत राहिली. आई बोलतच होती, पारडू गेलं तेव्हापासूनचं सगळं काढत होती, आणि रडतही होती. माझे हात माझ्या गुडघ्यांवर होते. तरी टप असा आवाज झाला. मग टप टप. मी खाली पाहिलं, तर चारही सडांतून दूध आपोआप गळत होतं.

आईनंही पाहिलं. बोलायची थांबली. पदर शोधला, गाऊनला पदर नव्हता, म्हणून बाहीनंच डोळे पुसले.

"देखी काय ऱ्हायना?" ती माझ्यावर ओरडली. "बादली लाव, येडा!"