जांभळी वायर

गाडीच्या बॅटरीची तार काढली की कंपनीचा भोंगा मुका होतो. चोराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून भोंगेकाका गाडीत दुसरा भोंगा बसवतात. त्याच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी असते आणि मुख्य तार काढली की तो उलट चेकाळून बोंबलतो.

पंचवीस वर्षं ते गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे करताहेत. आधी त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणायचे. भोंगेकाका झाले ते गेल्या तीन वर्षांत. हेडलाइटचा बल्ब बदलायला आलेल्यालाही ते आधी विचारतात, "भोंगा वाजतो का? वाजवून दाखवा." शेजारचा पंक्चरवाला म्हणतो, "काका, माझ्या बायकोला एक बसवून द्या. नको, राहू द्या, तिच्यात कंपनीनेच दोन दिलेत."

सगळे हसतात. काका हसत नाहीत. आणखी एक खोड लोकांनी टिपलीय. एखाद्या गाडीचे पिवळे दिवे आवाजाशिवाय लुकलुकू लागले, की काका हातातला पाना ठेवून दुकानाच्या मागच्या भिंतीकडे जाऊन उभे राहतात. दिवे थांबले की परत येतात.

एका दुपारी दारात करडी गाडी येऊन थांबली. भाची चालवत होती, शेजारी काकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून तिने ही गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये कापडाखाली झाकून ठेवली होती.

"मामा, दुसरा भोंगा बसवायचाय," भाची म्हणाली. "त्याशिवाय आई मला किल्ली देणार नाही."

"ही कशाला वापरता आता? विकून टाका की."

"दादा, तुला वेळ नसेल तर तसं सांग," बहीण म्हणाली. "दुसरीकडे जाते."

दुसरा भोंगा जोडायचा तर कंपनीच्या भोंग्याकडे जाणारी वायर सोलून तिच्यावरच जोड द्यावा लागतो. कुठलाही मिस्त्री पहिला हात तिथेच घालणार. आणि या गाडीतली ती जांभळी वायर कापलेली होती. कापलेल्या टोकाला टेप, आणि टेपच्या शेवटाला नखाने दुमडून काढलेला छोटा चिमटा, पुन्हा सोलायला सोपं जावं म्हणून. असा चिमटा या ओळीतल्या गॅरेजांत एकच माणूस काढतो.

मेहुणा हसत हसतच आला होता तेव्हा. "हिची जीभ छाटा हो. मांजर शेजारून गेलं तरी केकाटते. लोक मला बिऱ्हाडासकट बाहेर काढतील." दोन मिनिटांचं काम. "नवा सेन्सर आला की परत जोडतो," काका म्हणाले होते. सेन्सर आला. तो फळीवरच पडून राहिला. पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, तळघरात गाडीपाशीच मेहुण्याच्या छातीत कळ आली. गाडी आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत तो सापडला तेव्हा तास उलटून गेला होता. मुठीत रिमोट, अंगठा भोंगा वाजवायच्या लाल बटणावर.

भेटायला आलेल्या माणसांत वॉचमन म्हणाला, "दिवे लुकलुकत होते हो. आवाज नव्हता, म्हणून मी उठलो नाही." काका तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. वायर आपण कापलीय हे तेव्हा सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

"तुम्ही आत बसा," काका आता म्हणाले. "उन्हात कशाला उभ्या?"

भाची हवा भरायची किंमत विचारायला पंक्चरवाल्याकडे गेली. बहीण हलली नाही. पर्स छातीशी धरून ती बॉनेटपाशी उभी राहिली.

काका पाठ आडवी घालून वाकले. कापलेल्या जागेच्या अलीकडे जोड मारायचा, वरून नवी टेप गुंडाळायची. कुणाला कळणार होतं? त्यांनी हात खाली घातला. बोटाला चिमटा लागला. तीन वर्षांची धूळ बसूनही जशाचा तसा.

ते सरळ झाले आणि बाजूला सरकले.

"ही वायर बघ," ते म्हणाले. "मी कापलीय. ते जायच्या आधी."

बहिणीने वाकून पाहिलं.

"त्यांना तुझ्याकडे कुणी धाडलं होतं?" ती म्हणाली. "माझी दुपारची झोप मोडायची. मीच म्हटलं, दादाकडे जा आणि याचं तोंड बंद करून आण. वॉचमन बोलला तेव्हा तू दारात होतास. मला वाटलं, आता हा माझं नाव घेणार."

"मला वाटलं, तू माझं घेशील."

"म्हणून येत नव्हतास घरी?"

"तू तरी कुठे बोलावलंस."

तिने नाक पुसलं. "जोड आता. दोन्ही वाजायला हवेत."

काकांनी टेप सोलली, वायर जोडून कथलाचा डाग दिला, नवा भोंगा खोल, हेडलाइटच्या मागे पक्का केला. तो बंद करायची गोल किल्ली हातात ठेवली. बहिणीने पर्समधून रिमोट काढला. तोच. लाल बटणावरचं चित्र झिजून गेलेलं. तिने अंगठा दाबला.

दोन्ही भोंगे एकदम ओरडले. काकांनी बॅटरीची तार उपसली. कंपनीचा गप्प झाला, नवा आणखी कर्कश झाला.

"मामा, बंद करा ना," भाची लांबून ओरडली.

काका किल्ली घालायला वाकले. बहिणीने त्यांचं मनगट धरलं.

"थांब. कुणी येतंय का बघू."

पंक्चरवाला ओल्या हातांनी धावत आला. त्याच्यामागून रंगवाला, समोरचा टायरवाला. "काय झालं? कोण पडलं?"

बहीण एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"किती पटकन आले रे, दादा," ती म्हणाली.

काकांनी किल्ली फिरवली. रिमोट अजून तिच्या मुठीतच होता, आणि अंगठा बटणावर.