जगाचे तेरा मालक

गावोगाव हिंडायची नोकरी केलेल्या माणसाजवळ किस्से साठतातच. कोणी ते वहीत लिहून ठेवत नाही. रिटायर झाल्यावर दोन जुनी माणसं भेटतात, चहा येतो, आणि एकाच्या मागं दुसरा निघत जातो. आमच्या हिवतापवाल्यांच्या किश्शांत मात्र एक गोष्ट हमखास येते. ती म्हणजे जग चालवणारं तेरा माणसांचं गुप्त मंडळ! मी हे थट्टेनं सांगत नाही. सत्तरच्या दशकात मेडशी ते आसेगाव या पट्ट्यात त्या मंडळाचं नाव आम्ही इतक्या तोंडून ऐकलं की ते तेरा जण कधी एखाद्या येष्टीतून उतरतील असं वाटायचं.

तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. आमची टोळी चौघांची. वानखडे साहेब सुपरवायझर, कमलबाई नर्स, रफीक जीपचा ड्रायव्हर आणि मी, इंगळे. माझं काम घरोघर जायचं. कोणाला ताप असला तर बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची.

*

मंडळ आमच्यात आलं ते भज्यांच्या कागदातून.

मेडशीच्या स्टँडवर वानखडे साहेबांनी भजी घेतली. खाऊन झाल्यावर हात पुसता पुसता ते तो कागद वाचू लागले. कुठल्या तरी हिंदी पेपरचा तुकडा होता. त्यात लिहिलं होतं की जगात एक गुप्त मंडळ आहे, त्यात तेरा माणसं आहेत, आणि लढाया, दुष्काळ, बाजारभाव, सगळं तेच ठरवतात. ती माणसं कोण, हे पुढच्या ओळीत असावं. पण तिथंच कागद फाटलेला!

दुसरा कोणी असता तर त्यानं कागद फेकून दिला असता. वानखडे साहेब परत भजीवाल्याकडं गेले आणि त्याच्या रद्दीच्या गठ्ठ्यात अर्धा तास उरलेला तुकडा शोधत बसले. मिळाला नाही. जीप तेव्हा दुरुस्तीला होती; आमची येष्टी निघून गेली.

साहेब मॅट्रिक झालेले, शांत, हाताखालच्या कोणाला कधी अरेतुरे न करणारे. चेहऱ्यावर हसू मी क्वचितच पाहिलं. त्या दिवसापासून जिथं चहाला बसायचे तिथं ते हे मंडळ समजावून सांगायचे, अगदी शाळेत धडा शिकवावा तसं.

मेडशीच्या हॉटेलवाल्यानं एकदा विचारलं, "साहेब, सगळं तेच ठरवतात, तं मंग आपली येष्टी टाइमावर काहून येत नाही?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "तेही त्याईनंच ठरवलं आहे!"

*

दुष्काळाच्या साली रेशनवर लाल मिलो आला. परदेशातली ज्वारी. भाकर थापली तर तव्यावर फुटायची, खाल्ली तर पोटात दुखायचं. पण दुसरं होतं काय?

मग बातमी उठली की हा मिलो त्या मंडळानं पाठवलाय. हा खाल्ला की बाया-माणसांना लेकरं होणार नाहीत, आणि वीस वर्षांत आपली गावं ओस पडतील. कमलबाई घरोघर जाऊन समजावायची, "अरे बापा, मीही तोच खाऊन राह्यली ना!" लोक म्हणायचे, "तुमचं काय बाई, तुमाले सरकारनं औषध देलं असन."

काहींनी खरंच मिलो आणणं सोडलं. आसेगावच्या बाजूच्या एका वस्तीत एका घरानं नुसता अंबाडी-तरोट्याचा पाला खाऊन महिना काढला. त्या घरातल्या म्हाताऱ्याचे पाय सुजले आणि तो गेला. लोकांनी ते मरण मंडळाच्या नावावर लिहिलं. कमलबाई त्याच्या ओसरीवर बसून रडली. "भुकेनं मेला तो," ती म्हणाली, "पण हे म्हणायची कोणाची तयारी नाही."

त्याच वस्तीत पुढच्या वर्षी एकीला जुळं झालं. नवरा गूळ घेऊन कमलबाईकडं आला. तोंड पडलेलं.

"बाई, सालभर मिलोच खाल्ला होता आमी. त्या मंडळाले कळवा, त्यायचं औषध उलटं पडून राह्यलं!"

*

इंझोरीकडच्या एका गावात मी भिंतीवर तारखा टाकत होतो. तिथं बातमी पोचली होती की हे आकडे म्हणजे मंडळाची खूण, आकडा पडलेलं घर हिशोबात गेलं समजा. गावातल्या लोकांनी माझ्या मागं मागं येऊन ओल्या फडक्यानं आकडे पुसले. मी पुढं, फडकी मागं!

शेवटी आमच्या वस्तीत आलो. आमची म्हणजे बौद्धांची. मी त्याच समाजातला, त्यामुळे तिथं जरा धीर असायचा. सालूबाई नावाची एक बुढी दारात उभी होती. तिच्या घराला भिंत अशी धड नव्हतीच, कुडाला शेणामातीचा लेप. मी म्हटलं, "आजी, तुमाले नको असन तं नाही टाकत आकडा."

"काहून?"

"लोकं म्हणतात, कोण्या मंडळाचे लोकं घरं मोजून राह्यले."

बुढीनं मला आपादमस्तक पाहिलं. मग पदरानं कुडाचा एक कोपरा पुसून जागा साफ केली.

"टाक. मोठा टाक. ग्रामपंचायतीनं आजवर आमचं घर मोजलं नाही. कोणी तरी मोजून राह्यलं, तं मोजू दे!"

मी आकडा टाकला. 

*

आणीबाणीत आमची जीप दुसऱ्या कामाला गेली. वरून आदेश आला, नसबंदीच्या शिबिराला माणसं आणायची. एक परका अधिकारी पुढच्या सीटवर बसायचा, आम्ही मागं.

जीपचा धुरळा दिसला की माणसं तुरीच्या वावरात पळायची. बाया दारं लावून घ्यायच्या. एकदा एका टेकडीवरून एक गुराखी ओरडला, "तेरा जणांचे माणसं आले रे!" वानखडे साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

रफीक तेव्हापासून प्रत्येक गावाच्या अलीकडं, नाल्याजवळ आलो की हॉर्न वाजवायला लागला. एकदा नाही, सारखा. आम्ही पोचेपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि कुत्रीच उरायची.

अधिकारी चिडला. "इतका हॉर्न कायको बजाता है?"

रफीकनं समोर रस्त्याकडं पाहत उत्तर दिलं, "साहब, ब्रेक ढीला है. लोगों को पहले से बताना पडता है!"

त्या दिवशी परत येताना साहेब मला हळूच म्हणाले, "इंगळे, मले वाटे ते लोकं लय दूर असतीन. साता समुद्रापलीकडं. पण जीप तं आपलीच निंगाली."

*

आता शेवटचा किस्सा सांगतो. हा आम्ही चौघांनी एकमेकांतसुद्धा फार वेळा काढला नाही.

आणीबाणी उठली होती. त्या पावसाळ्यानंतर हिवताप जोरात आला. डोंगराच्या कुशीत एक लहान वस्ती होती, तिथं चार-पाच घरांत माणसं थंडी वाजून पडली होती. आम्ही सकाळी पोचलो. किसन नावाच्या शेतमजुराची आठेक वर्षांची मुलगी, संगीता, गोधडीत थडथडत होती. डोळे पिवळट. कमलबाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघं काचपट्टी आणि गोळ्या काढायला अंगणात ठेवलेल्या पेटीकडं आलो.

किसन दारात आडवा उभा राहिला.

"रक्त नाही देणार. गोळी नाही देऊ देणार."

"काहून भाऊ?"

"ते तेरा जण गरिबाचं रक्त मागवतात. काचेवर घेतात, पारखतात, अन् कोणाले ठेवाचं, कोणाले माराचं ते ठरवतात. मले ठाऊक आहे."

वानखडे साहेब पुढं झाले. "किसन, कोणं सांगितलं तुले हे?"

किसननं त्यांच्याकडं बोट केलं.

"तुमीच, साहेब. मेडशीच्या हॉटेलात सांगून राह्यले होते. मी बाजूच्या बाकड्यावर होतो."

साहेबांनी रक्ताचं काही सांगितलेलं नव्हतं. ते मागून कोणी तरी जोडलेलं. पण मंडळ त्यांचंच होतं. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला.  आतून पोरीच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"ते खोटं होतं," साहेब म्हणाले.

किसननं विचारलं, "तवा खोटं बोलले, का आता बोलून राह्यले?"

 रफीक म्हणाला, पोलीस पाटलाला आणू. साहेब नको म्हणाले. ते अंगणात, मातीत, मांडी घालून बसले. इस्त्रीचा पांढरा पायजमा होता. मला म्हणाले, "इंगळे, माह्या बोटाले टोचा." मी टोचलं. त्यांनी रक्ताची काचपट्टी किसनच्या पायाशी ठेवली. "हे माहं. तू ठेव. फोड, नाही तं फेक."

किसन हलला नाही. उन्हं वर चढली. वस्तीतली माणसं जमली आणि लांब उभी राहिली. कमलबाई दोनदा आत जायला गेली, दोनदा किसननं हात आडवा केला. दुपार झाली. साहेबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आतलं कण्हणं बारीक होत चाललं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग साहेब खाली मातीकडं पाहत बोलू लागले. आवाज इतका हलका की किसनला पुढं वाकावं लागलं.

"माही एक पोरगी होती. तुह्या पोरीएवढीच. तिलेही असाच ताप आला. बायको म्हणे, दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, वावरातलं काम उरकू दे, उद्या नेऊ. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या नेऊ. तिसऱ्या दिवशी ती गेली." ते थांबले. "मंग मले तो कागद सापडला. त्यात लिहिलं होतं का सगळं कोणी तरी ठरवते. मले बरं वाटलं, किसन. लय बरं वाटलं. पण तिले कोण्या मंडळानं नाही नेलं. मी उशीर केला. मी."

पाच वर्षं आम्ही एका जीपमध्ये बसत होतो. त्यांना मुलगी होती हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. रफीकनं तोंड फिरवलं.

 किसन दारातून बाजूला झाला.  आत जाऊन पोरीला उचलून आणलं, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला आणि तिचा डावा हात माझ्यासमोर धरला.

मी थेंब घेतला. कमलबाईनं गोळ्या कुटून गुळाच्या पाण्यात कालवल्या आणि चमच्या-चमच्यानं पाजल्या. पहिला घोट पोरीनं थुंकला, दुसरा गिळला. मग तिला जीपमध्ये घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. किसन मागं बसला होता, साहेबांच्या शेजारी.  संगीता चौदा दिवस तिथं राहिली आणि पायानं चालत घरी आली.

वानखडे साहेबांनी त्यानंतर चहाच्या टेबलावर मंडळाचं नाव कधी काढलं नाही. कोणी विचारलंच तर उठून बाहेर जायचे.

त्या दिवशी मात्र काचपट्टीबरोबर जाणारी चिठ्ठी त्यांनीच भरली होती. मी जीपमध्ये पोरीसाठी गोधडी अंथरत होतो म्हणून. संध्याकाळी केंद्रावर पेटी तपासताना मी ती पाहिली. गाव बरोबर. वय बरोबर. बापाचं नाव किसन, तेही बरोबर. रोग्याच्या नावाच्या जागी साहेबांनी, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, 'कुसुम' लिहिलं होतं.

त्या वस्तीत कुसुम नावाची मुलगी नव्हती. मी नवी चिठ्ठी घेतली, संगीताचं नाव लिहिलं, आणि जुनी चिठ्ठी घडी करून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

सकाळी ती तिथं नव्हती.